एक अंक, एक कूस

“तुला हसू येतं कसं?”

नवऱ्याने एवढंच विचारलं होतं. आवाजही चढवला नव्हता. ते वाक्य घेऊन ती अमळनेरहून सकाळच्या गाडीने जळगावला आली, माझ्यासमोर बसली आणि पहिली दहा मिनिटं पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, मला खरंच हसू येतं. घरात हे असं चाललंय, तरी येतं. माझ्यात काही बिघाड आहे का, तेवढं सांगा.”

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येतो. एकांकिकेच्या तालमीला जाणारा पोरगा विचारतो, वडिलांचं ऑपरेशन झालंय आणि मी संध्याकाळी पोरांबरोबर हसत-खिदळत संवाद म्हणतोय, हे बरं दिसतं का? एखादी सांगते, आईच्या खाटेशेजारी बसून कादंबरी वाचत होते, नर्सने पाहिलं, मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात दुःख असताना आपल्याला आनंदाची किती सूट आहे, हाच सगळ्यांचा हिशेब असतो. मी या एकीचीच गोष्ट लिहिते आहे, कारण तिच्या बाबतीत माझं पहिलं उत्तर चुकलं होतं.

तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव तर नाहीच. गावही बदलणार होते, पण ती म्हणाली, “अमळनेर राहू द्या मॅडम. साने गुरुजींनी शिकवलं त्या गावात एक बाई चोरून वाचते, हे लोकांना कळू द्या.” तिच्या बोलण्यात हे असं मधूनच चमकायचं. पहिल्या भेटीत मात्र नाही.

वय एक्केचाळीस. खासगी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलगा दहावीत. सासूबाईंना आदल्या दिवाळीत पक्षाघात झालेला: उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नवरा कापसाची खेडा खरेदी करायचा. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्याच्या अंगणात काटा लावून कापूस मोजून घ्यायचा, जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात घालायचा. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला तेव्हा खानदेशात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच आकडा होता. पुढच्या हंगामात भाव पुन्हा तिथे जाईल म्हणून लोकांनी माजघरात, पलंगाखाली, जिथे जागा मिळेल तिथे कापूस दाबून ठेवला. यांनी तर पतसंस्थेचं कर्ज काढून दुसऱ्यांचाही घेतला. भाव गेला नाही. उन्हाळ्यात कापूस वाळून वजन घटलं, घरादाराच्या अंगाला खाज सुटली, शेवटी मिळेल त्या भावाला घालावा लागला.

आणि या सगळ्यात ती एम.ए. मराठी करत होती, बहिःस्थ. दुसरं वर्ष. नाटक हा तिचा जीव की प्राण असलेला पेपर.

“नाटकच का?” मी विचारलं.

“नाटकात सगळे बोलतात, मॅडम. आमच्या घरात कोणी बोलत नाही.”

सासूबाईंना अंथरुणात जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. रात्रीची कूस हिच्याकडे. अकरा, एक, तीन, पाच. दोन तासांत धड झोप लागत नाही आणि लागली तर गजर ऐकू येत नाही, ही धास्ती. मग ती जागीच राहू लागली. स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन. तिच्या ध्यानात आलं की नाटकाचा एक अंक शांतपणे, थांबत-थांबत वाचला की साधारण कूस बदलायची वेळ होते. तिने गजर लावणं सोडून दिलं. “एक अंक, एक कूस,” ती म्हणाली. दिवसा पुस्तकं पत्र्याच्या कोठीत असायची, गव्हावर फडकं टाकून. घरात कोणी मनाई केली होती का? नाही. मग लपवायची कशाला? त्या दिवशी याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. मीही प्रश्न पुढे नेला नाही. तिथेच माझी चूक झाली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एका रात्री अकराच्या पुढे नवरा घरी आला. कोणाकडे तरी पैशांसाठी जाऊन, रिकाम्या हाताने. ही एक जुनं संगीत नाटक वाचत होती, अभ्यासक्रमातलंच. त्यात एकाचा वेष दुसरा घेतो आणि तिसरा फसतो, असा एक प्रसंग. ती फस्सकन हसली. वर पाहते तर दारात नवरा. आणि मग ते वाक्य. त्या रात्रीपासून अडीच महिने तिने पुस्तक उघडलं की छातीत धडधड आणि मिटलं की पोटात खड्डा.

पहिल्या भेटीत मी जे विचारायला हवं ते विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास वाटतं का, भूक, झोप, थकवा, जगणं नकोसं वाटणं. माझ्या मनात एक गोष्ट पक्की होती, ती तिला सांगितलीही. नैराश्याच्या आजारात माणसाचा आवडत्या गोष्टींतला रस आटतो. हार्मोनियम वाजवणारा पेटीला हात लावत नाही, वाचणाऱ्याला एक पानही पुरं करवत नाही. दोन मुख्य लक्षणांतलं ते एक आहे. तुम्हाला या परिस्थितीत हसू येतं, म्हणजे ते झाड अजून ओलं आहे. बिघाड कसला? ज्या दिवशी ते नाटक पुन्हा वाचाल आणि काहीच वाटणार नाही, त्या दिवशी मात्र दुसऱ्या तारखेची वाट न बघता या. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देईन. रात्री-बेरात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलतात. तिने नंबर पर्समधल्या वहीत लिहून घेतला.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी आम्हा समुपदेशकांचं ठेवणीतलं वाक्य बोलले: स्वतःसाठी वेळ काढा. रोज अर्धा तास, ठरवून, अपराधीपणा बाजूला ठेवून. वेळापत्रकही आखून दिलं. (हे वाक्य मी आता फार जपून वापरते. काढायचा तो कुठून काढायचा? ज्या बाईचे चोवीस तास चार माणसांच्या नावावर आहेत तिला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ म्हणणं, म्हणजे कोरड्या विहिरीवर बसून पाणी शेंदा म्हणण्यासारखं आहे.)

तीन आठवड्यांनी ती परत आली, वेळापत्रक तंतोतंत पाळून. आणि जास्त सुकलेली.

“रोज साडेचार ते पाच वाचलं मॅडम. गोळी घेतल्यासारखं.”

“मग?”

“गोळीला चव नसते.”

मी पेन खाली ठेवलं. पुढचं काय विचारायचं ते खरंच सुचत नव्हतं, म्हणून म्हटलं, आज तुमचं काही बोलू नका, पेपरात काय चाललंय ते सांगा. माझं शिक्षण मानसशास्त्राचं. नाट्यशास्त्र म्हटलं की मला नवरस आठवतात आणि गाडी तिथेच थांबते.

ती सरळ बसली. शिक्षिकाच ती. म्हणाली, “नऊ नंतर झाले मॅडम, भरतमुनींनी नाटकाचे आठच सांगितलेत.” मग तिने मला समजावलं. स्थायी भाव आठ: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. सात्त्विक भाव आठ: घाम, रोमांच, अश्रू वगैरे. आणि व्यभिचारी भाव तेहेतीस, येणारे-जाणारे. एकूण एकोणपन्नास. ते तेहेतीस तिला पाठ होते: निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, मद, श्रम, आलस्य, दैन्य, चिंता, मोह, स्मृती, धृती, व्रीडा, चपलता, हर्ष...

आणि ती थांबली.

“चिंता आणि हर्ष एकाच यादीत आहेत,” ती हळूच म्हणाली. “दोन्ही पाहुणेच.”

मी काही बोलले नाही. पंचवीस वर्षांत एवढं शिकले आहे की अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की घात होतो. तिनेच पुढे सांगितलं की नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात भरत नाटक कशासाठी ते सांगतो, आणि तिथे दुःखाने, श्रमाने, शोकाने पिडलेल्यांना विश्रांती देणारं असं म्हणतो. श्लोक तिला येत होता: “दुःखार्तानां श्रमार्तानां शोकार्तानां तपस्विनाम् । विश्रान्तिजननं काले नाट्यमेतद्भविष्यति ॥” काही प्रतींत ‘काले’च्या जागी ‘लोके’ असा पाठ आहे, हेही सांगून झालं. परीक्षेत यावर टीप येते म्हणे.

“तुम्हाला कुठला पाठ पटतो?” मी विचारलं.

“काले. वेळेला. पण माझी वेळ कुठली, तेच कळत नाही.”

आता मी पहिल्या भेटीतच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. पुस्तक मिटल्यावर काय होतं? माझ्याकडे विसावा आणि पळवाट ओळखायची हीच एक साधी खूण आहे. उघडताना दोन्ही सारखेच दिसतात. फरक मिटताना कळतो. विसाव्यानंतर माणूस उठून हातातल्या कामाला लागतो, जडपणे का होईना. पळवाटेनंतर समोरचं काम आधीपेक्षा मोठं दिसतं, आणि माणूस पुन्हा पुस्तकात शिरतो. फोन बंद असतो, पाकिटं न फोडलेली असतात, दारावर टकटक झाली की काळजात धस्स होतं.

“पाकिटं,” ती म्हणाली.

पर्समधून तिने पुस्तक काढलं. ती गाडीतही वाचायची: अमळनेर, धरणगाव, पाळधी, जळगाव, एवढा तिचा हक्काचा वाचनालयाचा वेळ. पुस्तकात खूण म्हणून एक कागद होता, चार घड्या घातलेला. पतसंस्थेची नोटीस. आली होती तिच्याच नावावर, कारण कर्जाला जामीनदार तीच होती. नवरा घरी नसताना टपाल आलं, तिने सही करून घेतलं, वाचलं, आणि जे पान चालू होतं त्यात घालून पुढचं पान वाचायला लागली. पंधरा दिवसांत खुलासा मागितला होता. त्यातले अकरा दिवस गेले होते.

खरं सांगते, मी मनातून चिडले. तिच्यावर नाही, माझ्यावर. तीन आठवड्यांपूर्वी तिला ‘अपराधीपणा बाजूला ठेवा’ म्हणाले होते. तो अपराधीपणा सगळाच खोटा नव्हता. त्यातला थोडा या कागदाचा होता. आणि तो पुस्तकाच्या डोक्यावर बसला होता, कारण दोघांचा पत्ता एकच: गव्हाची कोठी. घरात एक लपवायची जागा तयार झाली की तिथे एकच वस्तू थोडीच राहते? आज पुस्तक, उद्या नोटीस, परवा आणखी काही. आनंदाला चोरवाट केली, त्याच वाटेने कर्जही आत आलं.

त्या दिवशी रस-भाव बाजूला राहिले. मी तिला स्पष्ट सांगितलं, आज घरी गेल्यावर जेवायच्या आधी हा कागद ह्यांच्यासमोर ठेवायचा आणि उद्या दोघांनी मिळून पतसंस्थेत जाऊन हप्ते पाडून मागायचे, लेखी. त्याआधी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे विचारायचं. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे. तिला हे माहीत नव्हतं. शिकलेल्या बायकांनाही नसतं. आणि मुळात जामीनदार म्हणून सही करताना काय सही करतोय, हे तिने विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. “ह्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली” हे वाक्य मी ज्या प्रमाणात ऐकते, त्यावर वेगळं लिहायला हवं.

दोन दिवसांनी तिचा फोन. “मॅडम, ह्यांना नोटीस दाखवली. ते उठले, अंगणात गेले आणि गाडीच्या डिकीतून त्यांची काढून आणली. तशीच. त्यांच्या नावाची. आठ दिवस डिकीत होती.”

“मग काय केलंत?”

“दोन्ही शेजारी ठेवल्या. आणि मॅडम... मला पुन्हा हसू आलं. पण या वेळी त्यांनाही आलं.”

पुढच्या भेटीला नवरा तिला गाडीवर घेऊन आला. खानदेशातले नवरे समुपदेशकाकडे सहसा येत नाहीत, आले तर बाहेर चहाच्या टपरीवर थांबतात. हेही तसेच थांबले होते. मीच माणूस पाठवून बोलावून घेतलं. आत आले ते अंग चोरून. पन्नाशीकडे झुकलेले, हातावर अजून कापसाच्या खाजेचे डाग. बसल्या बसल्या म्हणाले, “मी तिला वाचू नको म्हटलं नाही मॅडम. कधीच नाही. शिकू राह्यली, चांगलंच आहे. फीसुद्धा मीच भरली.”

“त्या रात्री काय झालं?”

बराच वेळ गेला. मग ते खाली बघत म्हणाले, “त्या दिवशी एका माणसापुढे हात पसरून आलो होतो. त्याने चहा पाजला आणि नाही म्हटलं. घरी आलो, दारात पाय ठेवला आणि ही हसली. मला वाटलं, माझ्यावर.”

ती एकदम वळली. “अहो, माझं तोंड पुस्तकात होतं!”

“पुस्तक कुठं दिसलं मला? मी दिसलो तशी तू पदराखाली घातलंस. मला नुसतं हसू दिसलं.”

त्या खोलीत पंखा फार आवाज करतो. त्या दिवशी तो मी पहिल्यांदा नीट ऐकला.

अडीच महिने ही बाई एका आरोपाखाली जगत होती, जो कोणी केलाच नव्हता. आणि तो माणूस एका अपमानाखाली, जो झालाच नव्हता. पुस्तक उघडं टेबलावर असतं तर तो म्हणाला असता, ‘काय एवढं हसू राह्यली?’ आणि विषय संपला असता. किंवा नसताही संपला; चिडलेला माणूस पुस्तकावरही चिडतो. पण मग भांडण निदान खऱ्या गोष्टीवरून झालं असतं.

जाता जाता त्यांनी विचारलं, “नाटक कोणतं होतं?” तिने सांगितलं. तर ते म्हणाले, हे तर आमच्या गावात गणपतीत झालेलं. मी प्रॉम्टिंगला होतो. पडद्याआड टॉर्च घेऊन बसायचो, सगळ्यांची वाक्यं मला पाठ. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिला हे माहीत नव्हतं.

मला इथे कोणी विचारेल की मग सगळं सुरळीत झालं का. नाही झालं. पतसंस्थेने हप्ते पाडून दिले, पण व्याज सोडलं नाही. मुलगा चिडचिडा झाला होता, त्याला वेगळं बघावं लागलं. आणि तिने एक पेपर सोडला. नाटकाचा नाही, भाषाशास्त्राचा. मीच सुचवलं होतं. ‘सगळं एकाच वेळी’ हा हट्ट सोडणं तिला पुस्तक लपवण्याहून जड गेलं. ती दोन दिवस रडली. पुढच्या सत्रात देईन म्हणाली. दिला की नाही, हे मी विचारलेलं नाही.

बदल केले ते अगदी बारीक. रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं पैशांची. चिंतेला दिवसातली एक ठरावीक वेळ नेमून देणं ही आमच्या शास्त्रातली जुनी रीत आहे. दिवसभर चिंता आली की तिला ‘रात्री ये’ म्हणायचं आणि रात्री मात्र खरंच दार उघडायचं. आम्ही एक वही केली. डाव्या पानावर उद्या करता येईल असं, उजव्या पानावर आपल्या हातात नसलेलं. पहिल्या आठवड्यात उजवं पान भरून वाहत होतं, डाव्यावर एकच ओळ: ‘जिनिंगवाल्याला फोन.’ वीस मिनिटं झाली की वही बंद. वही नवऱ्याने लिहायची, असा माझा आग्रह होता. हिशेब त्याचा होता, आणि अक्षरही त्याचं बरं होतं.

दुसरं, पहाटे तीनची कूस नवऱ्याकडे. हे त्यानेच काढलं. “मी तरी कुठे झोपतो,” म्हणाला.

आणि पुस्तकं कोठीतून बाहेर. हे मी सुचवलं होतं, पण कुठे ठेवायची ते तिने ठरवलं: सासूबाईंच्या खाटेशेजारच्या स्टुलावर, औषधांच्या डब्याजवळ. आता ती तिथेच बसून वाचू लागली, आणि एका रात्री सहज, मोठ्याने. नाटक मनात वाचायची गोष्टच नाही, ते तोंडाने वाचायचं असतं. सासूबाई ऐकत होत्या. कळत किती होतं, देव जाणे. डाव्या मेंदूला इजा झाली की शब्द सापडत नाहीत, पण समज बऱ्याचदा शिल्लक असते. घरचे लोक मात्र त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल असं बोलतात, जणू खाटेवर गाठोडं आहे. एका शोकान्त नाटकाच्या तिसऱ्या अंकात सासूबाईंनी डावा हात उचलून पुस्तकावर ठेवला आणि तोंड फिरवलं. नको. दुसरं काढ. “मॅडम, त्यांना रडकं आवडत नाही,” ती मला सांगत होती, एखाद्या नव्या मैत्रिणीबद्दल सांगावं तसं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. कर्जामुळे या वर्षी नको, असं नवरा म्हणत होता. ही म्हणाली, रोटाचं पीठ घरातलंच आहे. रात्री आळीतल्या बायका गाणी म्हणायला जमल्या. दुसऱ्या का तिसऱ्या गाण्याला खाटेवरून सूर आला. सासूबाई. दहा महिने ज्या ‘पाणी’ म्हणू शकत नव्हत्या त्या कानबाईचं गाणं अख्खं म्हणत होत्या, शब्दांसकट. बायकांनी हात जोडले, देवी बोलली म्हणाल्या. हिने दुसऱ्या दिवशी घाबरून मला फोन केला. मी सांगितलं, वाचा गेलेली माणसं पाठ असलेलं गाणं म्हणू शकतात, असं डॉक्टरांना पुष्कळ दिसलं आहे. गाणं आणि बोलणं मेंदूत एकाच वाटेने जात नाहीत. वाचा उपचारतज्ज्ञांना नक्की दाखवा, या धाग्यावर काम करता येतं. “म्हणजे देवी नाही?” तिने विचारलं. मी म्हटलं, ते तुमच्या आळीने ठरवायचं, मला त्यात ओढू नका.

त्या वर्षी अमळनेरात वेगळीच लगबग होती. २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरायचं होतं, १९५२ नंतर पुन्हा. गावात जो तो त्यावर बोलत होता. शाळेने तिच्याकडे मुलांच्या कार्यक्रमाचं काम दिलं. तिला आधी नको म्हणायचं होतं. मग वहीत बघितलं, डाव्या पानावर, आणि हो म्हणाली. त्याआधी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, शिक्षकांनी मिळून नाट्यवाचन करायचं ठरलं. १८४३ साली याच तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं, म्हणून तो दिवस. नाटक निवडायचं काम हिच्याकडे. हिने कोणतं निवडलं, हे सांगायला नको.

ऑक्टोबरच्या शेवटी तिचा फोन आला. माझी तारीख होती शनिवारी, चार तारखेला.

“मॅडम, शनिवारी नाही जमणार. सकाळी हप्ता भरायचाय, दुपारी तालीम आहे.”

एका दमात म्हणाली, दोन्ही एकाच स्वरात. मी डायरीत तिची वेळ खोडत होते. मागे सासूबाईंच्या खोलीतला रेडिओ ऐकू येत होता, आणि नवऱ्याचा आवाज, दुसऱ्या खोलीतून: “अगं, मागच्या हप्त्याची पावती कुठं ठेवलीस?”

फोन तोंडापासून न काढता ती ओरडली, “पुस्तकात! स्टुलावर! दुसऱ्या अंकात बघा!”